अक्कांच्या खोलीचं दार

बसलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार. ताई, तुम्हाला वेगळा नमस्कार. तुम्ही अक्कांच्या एकुलत्या एक लेक, अगदी पुढच्या खुर्चीवर बसलाय, आणि तुमच्याकडं बघून बोलायचं मला धाडस न्हाय. मी जरा भिंतीकडं बघून बोललो तर राग मानू नका.

हा माईक जरा खाली करा की. व्हय, बास.

माझं नाव बाळासो, गाव गडमुडशिंगी. नावानं इथं मला कुणी ओळखणार न्हाय. मुलांच्या वॉर्डाच्या दारावरचा मामा म्हटलं की सिस्टर लोकांना कळंल. एकोणीस वर्षं त्या दारात स्टूल टाकून बसलो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आज बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव न्हवतं. मीच चिठ्ठी लिहून पुढं पाठवली. राजारामपुरीतल्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, एवढ्या शिकलेल्या माणसांपुढं मी काय बोलणार? पण आज बोललो न्हाय तर मग कधीच बोलणार न्हाय. आणि ज्या माणसानं ऐकायला पाहिजे होतं, ते माणूस तर गेलंच.

अक्का गेल्या. सोळा दिवस झाले. सकाळी गॅसवर दूध ठेवलं, ओट्याला धरून खाली बसल्या, त्या परत उठल्या न्हाईत. अजून दोन वर्षं नोकरी राहिली होती.

आत्तापर्यंत चार जण बोलले. चांगलं बोलले. अक्का मायाळू होत्या म्हणाले, शांत होत्या म्हणाले. मंडळी, मी ते ऐकून जरा चक्रावलो. अक्का आणि शांत? अक्का तोंडानं फटकळ होत्या. डॉक्टरलासुद्धा सोडायच्या न्हाईत. माझ्या स्टुलाखाली तंबाखूची पुडी सापडली तवा सगळ्या वॉर्डासमोर मला म्हणाल्या, "मामा, ही पुडी परत लेकरांच्या दारात दिसली तर तुमचं स्टूल रस्त्यावर. आणि स्टुलावर तुमी." गडहिंग्लजच्या खालच्या अंगाला त्यांचं माहेर, कर्नाटकाला चिकटून. घरात कानडी. राग आला की कानडी सुरू. आम्हाला शब्द कळायचा न्हाय, अर्थ बरोबर कळायचा. म्हणून त्यांना सिस्टर कुणी म्हटलंच न्हाय. अक्का. शैलजा हे त्यांचं नाव मला आज त्या फोटोखाली वाचून आठवलं.

पण चारही जण एक गोष्ट टाळून गेले. सगळ्यांना माहीत हाय, आणि सगळ्यांनी टाळली. अक्कांची बदली लसीच्या खोलीत का झाली? त्यांना 'बाटलीवाली बाई' कोण म्हणायला लागलं, आणि का? मी तेवढ्यासाठी उभा राहिलोय. दुसरं मला काय बोलायचं न्हाय.

ज्यांना माहीत न्हाय त्यांच्यासाठी आधी बाटलीचं सांगतो. आपला दवाखाना लहान. मुलांना लावायचं श्वासाचं मोठं यंत्र आपल्याकडं न्हवतं, आजही न्हाय. न्यूमोनियाचं पोर यायचं. बरगड्या आत ओढतंय, नाकपुड्या फुलत्यात, ओठ जांभळे. साधा ऑक्सिजन लावायचा आणि गाडीत घालून कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडायचं. काही पोचायची, काही वाटेतच जायची. मग एक तरुण डॉक्टर आले. दोनच वर्षं राहिले, पण त्यांनी अक्कांना एक गोष्ट शिकवली. पोराच्या नाकात दोन बारक्या नळ्या बसवायच्या. एका अंगानं ऑक्सिजनची हवा येणार. दुसऱ्या अंगानं बाहेर जाणारी जी नळी असती, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. किती बुडवायचं ते ठरलेलं. बाटलीवर निळी चिकटपट्टी लावलेली, पाणी तिथवर. हवा त्या पाण्यातनं बुडबुडे काढत बाहेर पडती, आणि त्या पाण्याचा जो दाब, तो छातीला आतनं आधार देतो. एवढंच. एवढ्यावर पोरं जगायची.

मी अक्कांना विचारलं होतं, बाटलीभर पाण्यानं पोर बरं कसं होतं? तर त्यांनी मला फुग्यावरनं सांगितलं. पार बसलेला फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जोरात मारावी लागती? गाल दुखत्यात. पण थोडी हवा आत राहू दिली तर पुढची फुंकर सोपी. "लेकराची छाती दमलीया, मामा. दर खेपेला पयल्यापासनं फुगवायची ताकद तिच्यात न्हाय. आपण ती पार बसू द्यायची न्हाय." मला तेवढ्यात कळलं. मी सातवी शिकलेला माणूस.

वॉर्डाच्या टोकाला एक खोली होती, तीन खाटांची. तिथं ह्या बाटल्या. ऑक्सिजन मोजायचं बोटाला लावायचं यंत्र सगळ्या वॉर्डात एकच, ते तिन्ही खाटांवर फिरायचं. पोरं वीस-बावीस आणि सिस्टर एक. मग त्या खोलीत लक्ष कोण ठेवणार? अक्कांनी आयांना कामाला लावलं. नवीन आई आली की तिला खाटेवर बसवायच्या आणि म्हणायच्या, "तंगी, डोळे मीट." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "आता ऐक." आवाज चाललाय, बुडबुड, बुडबुड. मग अक्का हळूच नळी चिमटीत धरायच्या. आवाज बंद. "काय झालं?" ती म्हणायची, "थांबलं." "थांबलं की काय करायचं?" "तुमास्नी हाक मारायची." "कशी? मारून दाखव." आणि जी पोर सासरी आल्यापासनं कधी आवाज चढवून बोलली न्हाय, ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी हाक मारेपर्यंत अक्का तिला सोडायच्या न्हाईत. दोनदा, तीनदा, चारदा. लाजून मरायच्या बिचाऱ्या. आम्ही बाहेर हसायचो.

म्हणून त्या खोलीत आईशिवाय दुसरं कुणी न्यायचं न्हाय. मोबाईल न्हाय, गप्पा न्हाय. मोठ्यानं बोलणं चाललं तर तो आवाज ऐकू येत न्हाय. आणि तो ऐकू आला न्हाय तर बाकी सगळं फुकट. अक्का मला रोज सकाळी एकच वाक्य सांगायच्या. "आतलं मी बघते मामा. दार तुमचं."

दार माझं. बरोबर हाय. दार माझंच होतं.

मंडळी, आपली रीत तुम्हाला सांगायला नको. आजारी माणसाला बघायला आपल्याकडं एकटं कुणी जात न्हाय. भावकी जाती. आळी जाती. 'बघायलासुद्धा आला न्हाय' हे आपण माणसाच्या तोंडावर वर्षानुवर्षं काढतो. शहाळी, बिस्किटाचे पुडे, थर्मास, सगळं घेऊन येणार. आणि हळू बोलणं आपल्या रक्तात न्हाय. मी एकोणीस वर्षं ती माणसं अडवली. लई शिव्या खाल्ल्या. एकदा एका पैलवानानं मला स्टुलासकट उचलून कडेला ठेवला. तरी मी परत दारात येऊन बसलो, आणि त्याला आत जाऊ दिला न्हाय. हे कशासाठी सांगतोय? तर मला अडवता येत न्हवतं असं कुणी म्हणू नये. मला अडवता येत होतं.

एका दिवशी मी अडवलं न्हाय.

सात वर्षं झाली. आमच्याच गावातली एक पोरगी, आठ महिन्यांची, समृद्धी तिचं नाव. न्यूमोनिया. आणली तवा रडायलासुद्धा दम न्हवता तिच्यात. अक्कांनी बाटली लावली. तिची आई, वीस वर्षांची असंल नसंल, डोक्यावरचा पदर सावरत बसलेली. तिचीपण अक्कांनी परीक्षा घेतली. पहिली हाक ऐकूच आली न्हाय. दुसरी जरा बरी. तिसरी अशी मारली की मी स्टुलावरनं उठून आत बघायला गेलो. अक्का हसल्या. म्हणाल्या, "झाली पास."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी समृद्धी सुधरायला लागली. बरगड्या ओढायचं कमी झालं. रविवार होता. सकाळी अक्का मला म्हणाल्या, "उद्या नळी काढून बघू, मामा. बहुतेक लागायची न्हाय आता."

त्याच दिवशी दुपारी टेम्पो आला. तिचे आजोबा तात्या, आजी, चुलते, चुलत्या, शेजारची दोन माणसं. अकरा जण. पहाटे उठून नृसिंहवाडीला गेलते, पोरीसाठी नवस बोललेला. दर्शन घेऊन तसेच सरळ दवाखान्यात. हातात प्रसाद, अंगारा, कवठाच्या बर्फीचे बॉक्स. पोर बरी होतीया म्हणून सगळे खुशीत. ती माणसं वाईट न्हवती हो. हे मी शपथेवर सांगतो. नातीला बघायला आलती.

मी म्हटलं, "तात्या, आत एकालाच सोडतो. अंगारा द्या माझ्याकडं, मी आईकडं पोचवतो."

तात्या म्हणाले, "बाळासो, आपलीच माणसं की रं. परकी हाय व्हय आमी?"

तात्यांनी माझ्या लेकीचं लगीन जमवलेलं. त्यांच्या शब्दावर मुलाकडच्यांनी होकार दिलता. लगीन एकवीस दिवसांवर आलेलं. आणि तो माणूस माझ्यापुढं बर्फीचा बॉक्स धरून उभा. मी काय सांगू? स्टूल कडेला घेतलं. म्हटलं, "दोन मिन्टं हं तात्या. अक्का येतील." अक्का वॉर्डाच्या त्या टोकाला होत्या, एका पोराला झटके आलते, त्याच्यापाशी. मी त्यांना सांगायला गेलो न्हाय. बर्फीचा एक तुकडा मी खाल्ला. तोपण सांगतो, कारण सांगायचं तर सगळं सांगायचं.

दोन मिनिटांची दहा झाली, बारा झाली. आतनं आवाज येतोय, बोलणं, हसणं. वाडीची गर्दी कशी होती, पुजारी काय म्हणाला. मी मनात म्हणतोय, आता उठवावं, आता उठवावं. उठलो न्हाय.

मग अक्का आल्या. दारातच थबकल्या. मान जरा तिरकी केली. आणि पळाल्या. अक्कांना पळताना मी तेवढंच एकदा बघितलं. मी मागनं गेलो. आत आजी खाटेच्या कडेला बसलेल्या. आणि ऑक्सिजनची नळी त्यांच्या पातळाखाली. खाटेच्या लोखंडी कडेवर दाबलेली. बाटलीतलं पाणी गप्प.

अक्कांनी म्हातारीला दंडाला धरून उठवलं. नळी मोकळी केली. पोरीच्या तोंडावर मास्क धरून श्वास द्यायचा रबरी फुगा हातानं दाबायला लागल्या. लई वेळ दाबला. डॉक्टर आले, त्यांनी दाबला. मी अकरा माणसांना बाहेर काढलं. आता काढलं. समृद्धी परत आली न्हाय.

पुढचं तुम्हाला माहीत हाय. बाहेर एकच गोंधळ. कुणीतरी म्हटलं, बाटलीतलं पाणी पोरीच्या नाकात गेलं. झालं. पाण्यानं पोर मारली. दवाखान्याच्या काचा फुटल्या. चार गावांत झालं, तिथं एक बाई हाय, ती लेकरांच्या नाकात पाणी सोडती. म्हातारीला काय कळलंच न्हवतं. ती तर ऊर बडवून रडत होती. नळी कुठं होती हे मी बघितलं, अक्कांनी बघितलं. आणि आम्हा दोघांतलं कुणी बोललं न्हाय.

चौकशीला तीन साहेब आले. दवाखान्यातल्याच वरच्या खोलीत बसले. अक्कांना समोर बसवलं. हे यंत्र कुठल्या कंपनीचं? परवानगीचा कागद कुठाय? शिकवणारे डॉक्टर तोवर बदलून लांब गेलते. तुम्ही नर्स, तुम्हाला हे लावायचा अधिकार कुणी दिला? हे मला कसं माहीत? तर चहा घेऊन आत मीच गेलतो. ट्रे हातात. चार कप एकेक करून ठेवले मी, एकेक करून. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी कपाकडं बघितलं. आणि बाहेर आलो.

खोलीत त्या वेळी कोण कोण होतं, हे कुणी विचारलंच न्हाय बघा. दारावर कोण होतं, हेपण न्हाय. मला कुणी बोलावलं न्हाय. मी बाहेर स्टुलावर बसलो, आणि मंडळी, मला हायसं वाटलं. खरं सांगतो. सुटलो म्हटलं.

अक्का लसीच्या खोलीत गेल्या. तीन खाटांची खोली बंद झाली. तिच्यात आता सलाईनचे खोके हाईत. दहाएक दिवस अक्का माझ्याशी एक शब्द बोलल्या न्हाईत. आधी रोज जाता-येता विचारायच्या, मामा चहा झाला का. आता नुसत्या निघून जायच्या. मग एक दिवस संध्याकाळी दारापाशी थांबल्या. म्हणाल्या, "मामा, तुमी चहा घेऊन आलता न्हवं, तवा मला वाटलं, आता बोलतील."

मी म्हटलं, "मला कुणी विचारलं न्हाय, अक्का."

त्या म्हणाल्या, "व्हय. विचारलं न्हाय." आणि गेल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कानडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं.

पुढं एकदा मीच धीर करून विचारलं, अक्का, तुम्ही तरी का सांगितलं न्हाय म्हातारीचं? तर म्हणाल्या, "खोली सोडून मी गेलते. बाकीचं काय सांगत बसू?" म्हणजे तेवढ्यासाठी स्वतःला धरून बसलेल्या. झटके आलेल्या पोराकडं गेल्या, हा त्यांचा गुन्हा. आणि मी?

माझ्या लेकीचं लगीन झालं. थाटात झालं. तात्या मांडवात पुढं बसले, एवढं दुःख गिळून आलते. अक्कापण आल्या. मी बोलावलं होतं, पण येतील असं वाटलं न्हवतं. अक्षता टाकल्या, लेकीच्या हातात पाकीट दिलं. जेवायला थांबल्या न्हाईत. मी त्यांच्यासाठी पान वाढून घेतलेलं, तसंच राहिलं.

लगीन झाल्यावर तरी सांगायचं होतं. तवा म्हटलं, लेक नवीन नांदायला गेलीया, कशाला. वर्ष गेलं. मग म्हटलं, आता उकरून काय उपयोग. असं करत करत माणूस सात वर्षं काढतो. रोज ड्यूटीला येतो, डबा खातो, रजा टाकतो, निवृत्त होतो, सगळं करतो. सत्काराला नारळ-शाल घेतली मी. 'मामांनी इमानानं दार राखलं' असं भाषणात म्हणाले. अक्का मागच्या रांगेत होत्या.

आणि पोरं येतच राहिली की. न्यूमोनिया काय थांबत न्हाय. ओठ जांभळे झालेलं पोर आलं की साधा मास्क लावायचा, गाडी बोलवायची. गाडीपर्यंत पोराच्या आईला धरून न्यायचं काम माझंच. अक्का लसीच्या खोलीच्या खिडकीत उभ्या असायच्या. त्यांना ते पोर बघून कळायचं, हे पोचणार का न्हाय. त्यांनी तीनदा अर्ज केला, खोली उघडा म्हणून. तिन्ही वेळा वरनं उत्तर आलं, मागचं प्रकरण लक्षात घेता परवानगी देता येत न्हाय. मागचं प्रकरण. म्हणजे मी. त्यातली काही पोरं त्याच गाडीतनं परत आली, दुपट्यात गुंडाळून. मी मोजली न्हाईत. मोजायला बसलो असतो तर वेडा झालो असतो. एक समृद्धी माझ्या डोक्यावर हाय असं मी समजत होतो. एक न्हाय, मंडळी. खोली बंद पडली ती माझ्यामुळं. त्यानंतरची सगळीच माझी.

अक्का गेल्याचं कळलं, तवा मी गोठ्यात होतो. हातातलं वैरणीचं ओझं तिथंच टाकलं. पहिला विचार काय आला सांगू? आता कुणाला कळणार न्हाय. असला मी माणूस. आणि मग त्याच जागी मी बसून रडलो.

चार दिवसांपूर्वी तात्यांच्या घरी गेलो. तात्या गेले मागंच. म्हातारी गेल्या वर्षी गेली. घरात समृद्धीचे आई-वडील, आणि तिच्यानंतरचा एक पोरगा. वडील डेअरीला दूध घालायला गेलते. आई म्हशीपाशी होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं सगळं. मी आत सोडलं, नळी दबली होती, अक्कांनी पोर मारली न्हाय. म्हटलं, आता ही मला दगड मारंल, मारू दे.

ती शेणाचे हात तसेच घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, मला कळलं हुतं."

मी म्हटलं, "काय कळलं हुतं?"

"आवाज थांबल्याला. मला ऐकू आलं हुतं." आणि मग म्हणाली, "आत्याबाई बोलत हुत्या. वाडीचं सांगत हुत्या. मामंजी समोर, सगळी मोठी माणसं. मधीच कशी वरडू? म्हटलं, त्यांचं एवढं बोलणं संपू दे, मग अक्कास्नी हाक मारते."

मंडळी, ते बोलणं संपायच्या आत तिची पोर संपली. आणि ही पोर सहा वर्षं त्या घरात सासूचं जेवण वाढत होती, पाय चेपत होती. शेवटी सासूला आंघोळ घालत होती. सासूला कळू दिलं न्हाय की नळीवर ती बसलेली. नवऱ्याला कळू दिलं न्हाय की आपल्याला ऐकू आलतं. अक्कांनी तिला हाक मारायला शिकवली होती. तीनदा मारून घेतली होती. पण समोर सासरा बसलेला असताना कशी मारायची, हे त्यांनी शिकवलं न्हाय. ते त्यांना तरी कुठं माहीत होतं?

मी तिला म्हटलं, सभेत मी माझं सांगणार हाय, तुझं सांगत न्हाय. ती म्हणाली, "माझं बी सांगा. मालकास्नी मी आज रात्री सांगते. मग सभेला येते." तिनं सांगितलं. दोघं आलीत. मागं बसलीत. कुणी वळून बघू नका, माझी विनंती हाय. बघायचं असंल तर माझ्याकडं बघा. ती वीस वर्षांची होती आणि तिच्या डोक्यावर पदर होता. मी चोपन्न वर्षांचा होतो, आणि दार माझ्याकडं होतं.

ताई, आता तुमच्याकडं बघून बोलतो. तुमच्या आईनं कुणाचं लेकरू मारलं न्हाय. हे मी उद्या कागदावर लिहून देणार हाय, सही करून, अंगठा मागितला तर अंगठा देऊन. त्या कागदाचं पुढं काय होईल मला माहीत न्हाय. कुठंतरी फाईलला लागंल. नवीन यंत्र येणार हाय म्हणत्यात, येऊ दे. खोली उघडू दे. पण तुमच्या आईला बाजारात भाजी घेताना बघून सात वर्षं बायका आपली पोरं पदराखाली घ्यायच्या, ते काय कागदानं पुसणार हाय? तुम्ही शाळेत असताना तुम्हाला पोरी काय म्हणायच्या, ते मला अक्कांनी कधी सांगितलं न्हाय, पण मला माहीत हाय. मी माफी मागत न्हाय. मागायचा माझा अधिकार संपला, ज्या दिवशी मी चार कप खाली ठेवून बाहेर आलो त्या दिवशी.

सिस्टर, आता तुम्ही दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगाल. सांगा. सगळ्यांनी राहा, राहिलं पाहिजे, त्यांचा मान हाय तो. फक्त मला त्यात धरू नका. मी लई गप्प राहिलोय, आता दोन मिनिटंसुद्धा माझ्याच्यानं होणार न्हाईत. मी बाहेर जाऊन थांबतो.

अक्का, नमस्कार करतो. घ्यायचा का न्हाय, ते तुमचं तुम्ही बघा.